वजनकाटा शून्यावर आणताना : आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणक्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

आशा कार्यकर्तीच्या संचातला झोळीचा वजनकाटा शून्यावर कसा आणायचा हे मला स्वतःलाच येत नाही, हे मला तीस आशांसमोर उभी असताना कळले. नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम, रुग्णालयातील सहा वर्षांची नोकरी आणि त्यातली दोन वर्षे नवजात बालकांच्या कक्षात, एवढी शिदोरी घेऊन मी मेळघाटातील त्या पहिल्या बॅचला शिकवायला गेले होते. रुग्णालयातला आमचा काटा इलेक्ट्रॉनिक होता. बाळ ठेवले की आकडा दिसायचा. इथे मात्र वरची दांडी एका हाताने धरून, काटा डोळ्यांच्या रेषेत आणून, रिकामी झोळी अडकवलेली असतानाच स्क्रू फिरवून शून्य जुळवावा लागतो आणि मगच बाळ झोळीत ठेवायचे असते. मी शून्य आधी जुळवला आणि झोळी नंतर अडकवली. दुसऱ्या रांगेतल्या एका आशाताईने थोडे थांबून विचारले, "मॅडम, झोळीचं वजनही बाळातच धरलं ना तुम्ही?" अडीच किलोच्या आत-बाहेर असलेल्या बाळाच्या बाबतीत ही चूक किरकोळ राहत नाही, कारण अडीच किलोच्या खालचे बाळ हे कमी वजनाचे बाळ मानले जाते आणि त्याच्या घरी काय सांगायचे, त्याच्याकडे किती लक्ष ठेवायचे, हे त्या एका आकड्यावर ठरते.

त्यानंतर मी आशा, आरोग्यसेविका आणि अलीकडे समुदाय आरोग्य अधिकारी यांना शिकवत आले आहे. नर्सिंगचे, सार्वजनिक आरोग्याचे किंवा समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या मुला-मुलींना प्रशिक्षणाच्या कामात यावेसे वाटते, परंतु हे काम नेमके काय असते याची त्यांना फारशी कल्पना नसते. 'प्रशिक्षक' म्हटले की पडद्यावर स्लाईड आणि हातात माईक असेच चित्र डोळ्यांसमोर येते, आणि सुरुवातीला माझ्याही डोळ्यांसमोर तेच होते.

ज्यांना शिकवायचे त्या कोण, येथून सुरुवात करू. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले आणि त्यातून साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा अशी योजना आली. आदिवासी व डोंगराळ भागात लोकसंख्येची ही अट शिथिल आहे, कारण तिथे हजार माणसे चार-पाच पाड्यांत विखुरलेली असतात. आशा ही त्याच गावची बाई असते, साधारण २५ ते ४५ वयाची, शक्यतो विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित. शिक्षणाची अट सुरुवातीला आठवीची होती आणि दुर्गम भागात तीही सैल करावी लागली. तिला पगार नाही, कामानुसार मोबदला आहे. तिच्यावर आरोग्यसेविका, म्हणजे उपकेंद्रातील सिस्टर. सिस्टरकडे दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि नोंदणी असते. वीस-पंचवीस आशांमागे एक गटप्रवर्तक ताई असते. या तिघींची शिकण्याची रीत वेगळी आहे आणि तिघींना एकाच हॉलमध्ये बसवून एकच व्याख्यान देणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आशांसाठीचे सहावे आणि सातवे मॉड्यूल, म्हणजे प्रशिक्षणाचा पुस्तिकेसह ठरवून दिलेला भाग, वीस दिवसांचे आहे. ते पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत द्यायचे असते आणि त्यातला मोठा भाग घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक. कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात जन्माचा दिवस हाच पहिला दिवस धरायचा, हे पटवून देण्यातच माझा पहिल्या बॅचमधला अर्धा तास गेला, कारण घरोघरी दिवस मोजण्याची रीत वेगवेगळी असते. पाचवीची पूजा कधी, बारसे कधी, हे ज्या हिशेबाने ठरते त्याच हिशेबाने ताई भेटीचा दिवस ठरवते. पुढे मी फळ्यावर तारखा लिहिणे सोडले आणि 'पाचवीच्या आधी एक भेट झालेलीच असली पाहिजे' असे सांगू लागले. तेव्हापासून तिसऱ्या दिवसाची भेट चुकण्याचे प्रमाण माझ्या बॅचमध्ये उघड कमी झाले.

हे मॉड्यूल कुठून आले हे प्रशिक्षकाला माहीत असलेच पाहिजे, निव्वळ अभिमानासाठी नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि ३९ गावांतील त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. या ६२ टक्क्यांचा उल्लेख प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात होतो. त्या प्रयोगात दर पंधरवड्याला डॉक्टर गावात जाऊन कार्यकर्तीचे काम तपासत आणि तिला तिथेच शिकवत, हा भाग मात्र भाषणात येत नाही, आणि योजना मोठी होत गेली तसतसा सर्वांत आधी हाच भाग विरळ झाला. मॉड्यूल छापता येते आणि संच खरेदी करता येतो. पंधरवड्याची भेट अशी एकदाच छापून किंवा विकत घेऊन मोकळे होता येत नाही.

जामखेडची गोष्टही याच अंगाने वाचावी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे काम सुरू केले आणि पुढे गावागावांतून निवडलेल्या, अनेकदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या बायका आठवड्याला केंद्रावर येत, गेल्या आठवड्यात काय पाहिले ते सांगत आणि त्यातूनच पुढचा धडा निघत असे. म्हणजे प्रशिक्षण एकदा होऊन संपत नव्हते, ते आठवड्याच्या बाजारासारखे चालू राहत होते. याच्या शेजारी केंद्र सरकारची २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेली सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची योजना ठेवून पाहावी. तिथे तीन महिन्यांचे प्रशिक्षण होते, म्हणजे आजच्या आशाच्या मानाने कितीतरी अधिक, आणि महिना ५० रुपये मानधन होते. तरी ती योजना तग धरू शकली नाही. त्याची कारणे अनेक आहेत, कार्यकर्त्यांची निवड कशी झाली हे त्यांतले मोठे. परंतु प्रशिक्षणाचे दिवस वाढवले की काम सुधारते हा समज मात्र त्या अनुभवावरून टिकत नाही.

आता नव्या माणसाने काय करावे. माझा पहिला सल्ला असा की, पहिली बॅच घेण्याआधी किमान दोन आठवडे एखाद्या आशाच्या मागे फिरावे, शिकवण्यासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी. मी हे उलट्या क्रमाने केले आणि त्याची किंमत मोजली. बाळाचे श्वास मोजण्याचे उदाहरण घ्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असतील तर ते जलद; दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक; एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक. हॉलमध्ये माझ्या सर्व आशांना हे आकडे तोंडपाठ होते. पाड्यावर गेल्यावर दिसले ते असे : झोपडीत उजेड नाही, बाळ आईच्या पदराखाली अंगाला लावलेले, आजी बाजूला उभी राहून बोलते आहे, आणि आशाताई पदरावरून पोटाची हालचाल पाहत वीस-पंचवीस सेकंद मोजून थांबते आणि 'चांगलं आहे' म्हणते. तिला आकडे येत नव्हते असे नाही. पूर्ण मिनिटभर गप्प बसून बाळाकडे पाहत राहणे त्या घरात तिला अवघड जात होते, कारण न बोलता नुसते टक लावून पाहणारी बाई ही बाळाला नजर लावणारी बाई समजली जाण्याची भीती होती. हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नसते. त्यानंतर आम्ही मोजण्याआधी आजीलाच घड्याळ धरायला द्यायचे ठरवले. 'एक मिनिट झालं की मला सांगा' एवढे काम तिला दिले की ती गप्प बसते आणि मोजणीत सामीलही होते. नवजात बाळाचा आकडा ६० किंवा वर आला की पुन्हा एकदा मोजायचे असते, आणि ते दुसरे मिनिट मागणेही आजीमुळे सोपे जाते.

ज्यांना मोठे आकडे मोजण्याची सवय नाही त्यांच्यासाठी डॉ. बंग यांनी गडचिरोलीत एक साधे उपकरण केले होते : एका मिनिटाची वाळूची घटिका आणि सरकवता येणारे मणी. दहा श्वास मोजायचे, एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून दहा. वाळू संपण्याआधी ठरलेला मणी सरकला की श्वास जलद. मी हे उपकरण नव्या प्रशिक्षकांना मुद्दाम वर्णन करून सांगते, कारण त्यात शिकवण्याची एक दिशा दिसते. सुईणीला साठपर्यंत मोजता येत नाही म्हणून तिला नालायक न ठरवता तिला येत असलेल्या दहापर्यंतच्या मोजणीवर सगळी रचना उभी केलेली आहे.

हात धुण्याचा धडा हा सर्वांत सोपा असावा असे वाटते आणि माझ्या अनुभवात तोच सर्वांत अवघड आहे. बाळाला हात लावण्याआधी घड्याळ आणि बांगड्या काढून कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे आणि ते हवेत वाळू द्यायचे, असे शिकवायचे असते. पहिल्या बॅचमध्ये मी 'बांगड्या काढा' असे म्हटले तेव्हा हॉलमध्ये एकही हात हलला नाही. काचेच्या बांगड्या काढता येत नाहीत, त्या फुटतात. आणि सवाष्ण बाई बांगड्या उतरवत नाही. बॅचमध्ये दोन विधवा ताई होत्या, त्यांचे हात आधीच मोकळे होते, आणि त्या दोघींकडे त्या क्षणी सगळ्यांचे लक्ष गेले. ती शांतता मी आजही विसरलेले नाही. दुपारी जेवणानंतर त्यांच्यातल्याच एकीने उपाय सुचवला : बांगड्या वर कोपराकडे सरकवायच्या आणि रुमालाने बांधून टाकायच्या. नियमाच्या अक्षराला हे सोडून आहे हे मला मान्य आहे, आणि एका वरिष्ठ प्रशिक्षकांनी मला त्यावरून सुनावलेही. परंतु पूर्ण नियम सांगून कोणीच हात न धुण्यापेक्षा बांधलेल्या बांगड्यांनिशी धुतलेला हात मला अधिक मोलाचा वाटतो.

भाषेविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण महाराष्ट्राबाहेरून किंवा शहरातून येणारे प्रशिक्षक येथेच अडखळतात. मेळघाटात कोरकू बोलली जाते. ही भाषा मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली आहे, तिचा आणि मराठीचा वंशच वेगळा. मॉड्यूल मात्र मराठीत असते, तेही 'स्तनपानाचे व्यवस्थापन' आणि 'जंतुसंसर्गाची लक्षणे' अशा मराठीत. आशाताईला मराठी समजते, ती मराठीत परीक्षा देते, पण घरात जाऊन सांगताना तिला ते पुन्हा कोरकूत आणावे लागते आणि तो अनुवाद ती एकटीच, कुणाच्या मदतीशिवाय, उभ्या-उभ्या करत असते. म्हणून आता मी प्रत्येक धड्यानंतर एक नाट्य ठेवते : एक ताई सासू होते, एक सून, एक आशा, आणि सगळे संभाषण कोरकूत. मला त्यातले फार थोडे कळते. पण बाकीच्या ताया हसतात कधी, मान हलवतात कधी, मध्येच 'असं नाही म्हणत' म्हणून दुरुस्ती करतात कधी, यावरून धडा पोचला की नाही हे समजते. त्या वेळी हॉलमधली शिक्षिका मी नसते, हे स्वीकारायला मला दोन वर्षे लागली. गावातला भूमका म्हणजे पारंपरिक वैद्य. आजारी बाळ आधी त्याच्याकडे जाते हे धरूनच चालावे. त्याची टिंगल करणारा प्रशिक्षक त्या क्षणापासून आशांच्या नजरेतून उतरतो, कारण त्यांच्यापैकी कित्येकींचा तो काका किंवा सासरा असतो. बाळाच्या पोटावर चटके देण्यासारख्या प्रथेला मात्र तितक्याच स्पष्टपणे विरोध करावा लागतो. त्यात गुळमुळीतपणा चालत नाही.

परीक्षेकडे वळू. प्रत्येक प्रशिक्षणाच्या आधी पूर्वचाचणी आणि नंतर उत्तरचाचणी असते, दोन्हींच्या गुणांतला फरक अहवालात जातो आणि सगळे समाधानी होतात. पहिल्या दिवशी सकाळी चार आणि पाचव्या दिवशी सतरा गुण मिळवलेली ताई पाड्यावर ताप मोजू शकेल की नाही हे त्या कागदावरून कळत नाही. वैद्यकीय शिक्षणात जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला चार पायऱ्यांचा मनोरा प्रसिद्ध आहे : माहीत आहे, कसे करायचे हे माहीत आहे, करून दाखवते, आणि प्रत्यक्ष कामात करते. आपल्या बहुतेक उत्तरचाचण्या पहिल्या पायरीवर थांबतात. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना 'ऑस्की' परिचित असते. टेबला-टेबलावर एकेक कौशल्य मांडून, समोर यादी ठेवून, विद्यार्थ्याला ते करायला लावायचे. ही पद्धत स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडली. तिची गावठी आवृत्ती अगदी स्वस्तात होते. मी पाच चटया अंथरते : एकीवर झोळीचा काटा आणि दोन किलो तांदळाची पुरचुंडी, दुसरीवर थर्मामीटर, तिसरीवर श्वास मोजण्यासाठी मोबाईलवरची बाळाची चित्रफीत, चौथीवर ओआरएसचे एक पाकीट आणि वेगवेगळ्या मापांची भांडी, पाचवीवर एक बाहुली आणि गुंडाळायचे कापड. चौथ्या चटईवर सर्वाधिक चुका होतात. एक पाकीट एक लिटर पाण्यात, हे सगळ्यांना पाठ असते. समोरच्या पाच भांड्यांतले एक लिटरचे कोणते, हे ओळखताना अर्ध्या जणी चुकतात. घरी लिटरचे माप नसतेच. म्हणून प्रत्येकीने आपल्या गावात मिळणारी एक लिटरची पाण्याची बाटली ओळखून ठेवायची, हा गृहपाठ.

आता जी गोष्ट मी या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगते ती अशी. काम चुकले की पहिली मागणी येते ती फेरप्रशिक्षणाची, आणि पुष्कळदा ती मागणीच चुकीची असते. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील आशांच्या नवजात भेटींच्या नोंदी पाहताना असे दिसले की, जवळपास प्रत्येक बाळाचे तापमान ९८.४ लिहिले आहे. 'आशांना तापमान घेता येत नाही, दोन दिवसांची उजळणी घ्या' असे पत्र वरून आले. मी उजळणी घेतली, सगळ्यांनी तापमान उत्तम घेतले, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ९८.४. मग गटप्रवर्तक ताईबरोबर चार घरी गेले तेव्हा उलगडा झाला : थर्मामीटरमधली छोटी बटन-बॅटरी संपलेली होती, ती तालुक्याच्या बाजारातही सहज मिळत नव्हती, आणि अर्जात तापमानाची चौकट रिकामी ठेवली तर भेट ग्राह्य धरली जात नाही, म्हणजे बेचाळीस दिवसांच्या भेटींचे २५० रुपये अडकतात, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्या बायका अडाणी नव्हत्या. व्यवस्थेने त्यांना एक खोटा आकडा लिहायला भाग पाडले होते आणि नंतर त्याच आकड्यावरून त्यांना अडाणी ठरवले होते. माझ्या दोन दिवसांच्या उजळणीचा खर्च त्या सगळ्या बॅटऱ्यांच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक होता. तेव्हापासून प्रशिक्षणाची मागणी आली की मी आधी तीन प्रश्न विचारते : तिला हे करता येते का, करण्याचे साधन तिच्याकडे आहे का, आणि खरे लिहिल्याबद्दल तिला शिक्षा तर होत नाही ना. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तरच हॉल बुक करावा.

आरोग्यसेविका आणि प्रसूतिकक्षातील परिचारिका यांचे प्रश्न निराळे असतात. त्यांच्यासाठी प्रसूतीच्या कौशल्यांचे २१ दिवसांचे प्रशिक्षण आहे, बालकांच्या आजारांचे आठ दिवसांचे आहे, आणि जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याचे दोन दिवसांचे आहे. या शेवटच्या कौशल्याचे गणित पाहा. दर दहा नवजात बाळांपैकी साधारण एकाला श्वास सुरू करण्यासाठी काही ना काही मदत लागते, आणि त्यांतली बरीचशी पुसून, पाठ चोळून रडतात. अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, लावावी लागणारी त्याहून कमी. महिन्याला दहा बाळंतपणे होणाऱ्या केंद्रात, तीन पाळ्यांत विभागलेल्या चार परिचारिकांपैकी एकीच्या वाट्याला असे बाळ वर्षातून जेमतेम एक-दोनदा येईल. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात, तेही रात्री दोन वाजता, वर्षभरापूर्वी बाहुलीवर शिकलेले हात आपोआप चालतील, अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. त्यामुळे मी आता दोन दिवसांच्या प्रशिक्षणापेक्षा प्रसूतिकक्षातच बाहुली ठेवण्याचा आग्रह धरते आणि पाळी बदलताना रोज पाच मिनिटे, दोघी-दोघींनी, 'दाब, दोन, तीन' या तालावर सराव करायला लावते. मिनिटाला सुमारे ४० श्वास देण्याचा ताल त्यातून हातात बसतो. सुरुवातीला सिस्टर हसतात, बाहुलीला नाव ठेवतात. एका केंद्रात बाहुली कपाटात कुलूपबंद होती, कारण ती हरवली तर भरपाई कोण देणार हा प्रश्न सुटला नव्हता. भांडारनोंदीचा प्रश्नही प्रशिक्षकानेच सोडवायचा असतो, हे कोणी आधी सांगत नाही.

हा प्रश्न केवळ आपला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या अहवालात आरोग्य कर्मचाऱ्यांचा तीव्र तुटवडा असलेले ५७ देश नोंदवले होते, त्यात भारतही होता. इथिओपियाने २००३ पासून दहावी झालेल्या गावच्या मुलींना वर्षभराचे प्रशिक्षण देऊन प्रत्येक खेडेविभागात दोघी अशा सरकारी पगारावर नेमल्या. नेपाळमध्ये १९८८ पासून महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका काही थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणावर आणि जवळजवळ विनावेतन काम करत आल्या आहेत. आपली आशा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे : कामाची अपेक्षा इथिओपियाची, दर्जा स्वयंसेविकेचा. हॉलमध्ये बसलेल्या ताईच्या मनात हा विषय सतत असतो, आणि मानधनाचा प्रश्न निघाला की 'तो आपला विषय नाही' असे म्हणून पुढची स्लाईड लावणाऱ्या प्रशिक्षकाचे पुढचे दोन तास वाया जातात. माझ्या हातात मानधन नाही, हे मी सांगते, पण ऐकून घेते.

व्यवस्थेच्या बारीकसारीक गोष्टी. निवासी प्रशिक्षणाला तान्हे बाळ घेऊन येणाऱ्या ताया असतातच, त्यांच्यासाठी झोळी बांधायला जागा आणि सांभाळायला एक बाई ठेवावी. प्रवासभत्ता शेवटच्या दिवशी हातात पडेल याची आधी खात्री करून घ्यावी. पाच दिवसांची मजुरी बुडवून आलेल्या बाईला 'खात्यात जमा होईल' एवढेच ऐकायला मिळाले तर पुढच्या फेरीला ती येत नाही. पेरणीच्या आठवड्यात आणि मेळघाटात होळीच्या आठवड्यात प्रशिक्षण ठेवू नये. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण आहे आणि कामासाठी बाहेर गेलेली माणसेही तेव्हा घरी परततात. उद्घाटन, दीपप्रज्वलन आणि सत्कार यांना वीस मिनिटांहून अधिक देऊ नये, असे मी लिहिते खरी, पण ते मला अद्याप एकदाही जमलेले नाही.

या कामात शिरण्याच्या वाटा मर्यादित आहेत. नर्सिंगची पदविका किंवा पदवी, समाजकार्याची किंवा सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, यांपैकी काही हवे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील जिल्हा व तालुका समूह संघटकांची पदे कंत्राटी असतात. आरोग्य व कुटुंब कल्याण प्रशिक्षण केंद्रांतील पदे बहुधा खात्यातूनच भरली जातात. स्वयंसेवी संस्थांत शिरणे सोपे असते, पण प्रकल्प संपला की कामही संपते. मुलाखतीत स्लाईड उत्तम करता येतात हे सांगण्यापेक्षा किती महिने उपकेंद्रावर काढले ते सांगावे. कोणी नवा प्रशिक्षक माझ्याबरोबर काम करायला आला तर पहिल्या दिवशी मी त्याला झोळीचा काटा आणि तांदळाची पुरचुंडी देते आणि वजन करायला सांगते.

राहिला प्रश्न प्रशिक्षणानंतरच्या भेटीचा. फेरी संपल्यापासून महिन्याच्या आत प्रत्येक ताईच्या एका तरी घरभेटीला आपण हजर असावे, आणि तीस जणींना एका महिन्यात गाठणे अशक्य असेल तर गटप्रवर्तक ताईबरोबर निम्म्या-निम्म्या वाटून घ्याव्यात. न कळवता अचानक जावे म्हणजे खरी स्थिती कळते, असे काही अधिकारी सांगतात. ते मी मानत नाही. न कळवता गेले की ती भेट तपासणी होते, ताई घाबरते आणि बाळाची आई रानात गेलेली असते. आदल्या दिवशी फोन करावा, कोणत्या बाळाकडे जायचे हे तिलाच ठरवू द्यावे, घरात गेल्यावर तिच्या मागे बसावे आणि तिने चूक केली तरी आईसमोर बोलू नये. बोलायचे ते परतीच्या वाटेवर, चालता चालता.